जैवतंत्रज्ञान : ओळख करून घेण्याची आणि ओळख पटविण्याचीही

जैवतंत्रज्ञान हा शब्द आता वैद्यसमाजाला नवा राहिलेला नाही. परिषदांच्या उद्घाटनपर भाषणांत तो हटकून येतो. मात्र त्याविषयी आपल्यात दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, हा आधुनिकांच्या प्रयोगशाळेतील विषय, आपला त्याच्याशी संबंध काय? दुसरा पक्ष म्हणतो, यात नवीन ते काय? आपल्या आसवारिष्टांत हे सारे पूर्वीपासूनच आहे. दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत आणि दोन्ही पक्षांशी आमचा मतभेद आहे. पहिल्याची उदासीनता आणि दुसऱ्याचा अभिमान यांचा परिणाम एकच होतो. दोघेही शिकण्याचे श्रम वाचवितात.

हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा का वाटतो हे सांगताना एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या लहानशा औषधशाळेत नेहमीप्रमाणे अशोकारिष्ट घातले. साल ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आली होती. रंग ठीक, चव तुरट, दर नेहमीपेक्षा थोडा कमी. संधान उत्तम झाले, अरिष्ट गाळून भरले गेले आणि रुग्णांना दिलेही गेले. पुढे त्याच पोत्यातील उरलेली साल वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या हाती पडली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि शांतपणे सांगितले, की ही सीतेच्या अशोकाची साल नव्हे. गृहसंकुलांच्या कुंपणालगत रांगेने उभ्या असलेल्या उंच, सरळसोट आसुपालवाची ही साल आहे. त्या झाडालाही लोक अशोकच म्हणतात. व्यापाऱ्याने आम्हांस फसविले, की त्यालाच अन्य कोणी फसविले, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. परंतु ज्या भगिनींना ते अरिष्ट रक्तप्रदरासाठी दिले, त्यांच्यापैकी काहींना उपशय मिळत नाही म्हणून आम्हीच मात्रा वाढविली होती, हे मात्र पक्के ठाऊक आहे. निदान चुकले नव्हते, कल्पही चुकला नव्हता. द्रव्यच दुसरे होते.

त्या दिवसापासून जैवतंत्रज्ञानाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. ती वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रोजच्या जीवनातील जैवतंत्रज्ञान

सजीवांचा, त्यांच्या पेशींचा किंवा पेशींतील घटकांचा उपयोग करून माणसाला हवी ती वस्तू अथवा सेवा निर्माण करणे, ही जैवतंत्रज्ञानाची सोपी व्याख्या होय. हा शब्द १९१९ मध्ये कार्ल एरेकी या हंगेरियन अभियंत्याने प्रथम वापरला. क्रिया मात्र शब्दापेक्षा फार जुनी. रात्री दुधाला विरजण लावणारी गृहिणी, आंबोळीचे पीठ आंबविणारी आजी आणि पाव फुगविणारा बेकरीवाला, हे तिघेही सूक्ष्मजीवांकडूनच काम करवून घेत असतात. आंबविण्याची क्रिया सजीव घडवून आणतात हे लुई पाश्चर यांनी १८५७ च्या सुमारास दाखविण्यास प्रारंभ केला. जिवंत पेशी नसतानाही तिच्यातील विकर ही क्रिया करू शकतात, हे एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये सिद्ध केले. कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या धुण्याच्या पावडरीत असे विकर आज सर्रास असतात. चीज करण्यासाठी पूर्वी वासराच्या जठरातून काढावा लागणारा विकरही आता सूक्ष्मजीवांकडून मिळविता येतो.

दुसरा टप्पा जनुकांचा. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली आणि १९७३ मध्ये एका सजीवाच्या जनुकाचा तुकडा दुसऱ्यात बसविण्याची रीत साधली. आपल्याकडे येणाऱ्या अनेक प्रमेही रुग्णांच्या घरी शीतकपाटात इन्सुलिन असते. पूर्वी ते डुकराच्या किंवा गुराच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचा संकेत जिवाणूच्या पेशीत बसवून ते तयार करण्यात आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस बी ची पहिली देशी पुनःसंयोजित लस बाजारात आणली. २०२० च्या महासाथीत तर 'आरटी-पीसीआर' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. डीएनएच्या सूक्ष्म अंशाच्या असंख्य प्रती काढणारी ही पीसीआर पद्धती कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधली. ती आपल्या वखारीतील पोत्याशीही संबंधित आहे, हे पुढे येईलच.

संधानकल्पना : अभिमान आणि अभ्यास

आता आपल्या घरचा विषय. आसवारिष्टे ही जैवतंत्रज्ञानाची अस्सल उदाहरणे आहेत, हे म्हणणे योग्यच आहे. प्रमाण दिलेले नसेल तेव्हा एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेपद्रव्ये घ्यावीत, हा शार्ङ्गधरांचा दंडक आपण सारे पाळतो. गोडवा फार झाला तर किण्वाची वाढ खुंटते, कमी पडला तर मद्यांश पुरेसा येत नाही आणि अरिष्ट टिकत नाही. धायटीची फुले का घालावयाची? त्यांच्यावर वसणारे किण्व संधानाला चालना देते. भांड्याच्या तोंडाशी धरलेली पेटती काडी विझते तोवर संधान चालू आहे असे आपण समजतो, कारण त्या वेळी आत कर्बवायू निर्माण होत असतो. संधिबंधन सैल राहिले की हवा मिळून अम्ल करणारे जिवाणू माजतात आणि अरिष्टाचे शुक्त होते. प्राचीन आचार्यांनी सूक्ष्मजीव पाहिले नव्हते, तरी त्यांच्या वर्तनाचे नियम निरीक्षणाने अचूक पकडले होते. त्यांचे थोरपण याच निरीक्षणात आहे. त्यांना जे ठाऊक नव्हते तेही ठाऊक होते असे सांगून ते वाढत नाही.

आपल्यापैकी किती औषधशाळांत संधानपात्रातील तापमानाची रोजची नोंद होते? सिद्ध अरिष्टाची आम्लता आणि मद्यांश किती जण मोजतात? स्वयंजात मद्यांशाला १२ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून तपासणीच्या भीतीने काही जण मोजतात. ज्ञानासाठी मोजणारे थोडे. पावसाळ्यातील अरिष्ट का बिघडले याचे उत्तर 'हवामान' या एका शब्दात देऊन आपण मोकळे होतो. पूर्वजांनी काडी पेटवून पाहिली. आपण साधी मोजणी करून पाहत नसू, तर त्यांचा वारसा आपण चालवितो असे म्हणता येणार नाही.

केळीची बाग आणि कुटकीचे पोते

जैवतंत्रज्ञानाची दुसरी देणगी ऊतिसंवर्धनाची, म्हणजेच टिश्यू कल्चरची. वनस्पतीच्या लहानशा भागातून काचपात्रात हजारो सारखी रोपे वाढविण्याचे हे तंत्र जळगावच्या केळी बागायतदाराच्या अंगवळणी पडले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी, अनेक दशकांतून एकदाच फुलणाऱ्या बांबूला काचपात्रात अल्पावधीत फुले आणून १९९० मध्ये जगाचे लक्ष वेधले होते.

आपल्या दृष्टीने याचे मोल वेगळे आहे. कुठ, जटामांसी, कुटकी आणि सर्पगंधा ही द्रव्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहेत, त्यातही कुठ सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. सर्पगंधेची कथा तर आपल्या दाराशीच घडली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझरपिन वेगळे काढले गेले आणि जगभरातून मागणी आली. मूळ औषधी असलेली वनस्पती उपटली की संपली. मागणी वाढते, वन आटते, आणि मधल्या जागेत भेसळ शिरते. सीतेचा अशोकही असाच दुर्मीळ होत चालला आहे. आमच्या पोत्यातील आसुपालवाची साल ही केवळ कोणाच्या लबाडीची गोष्ट नसून एका संपत चाललेल्या झाडाचीही गोष्ट आहे.

तथापि ऊतिसंवर्धित रोपांवर डोळे झाकून विसंबणेही इष्ट नाही. द्रव्याचे गुण बीजाइतकेच देश, काल आणि भूमी यांवर अवलंबून असतात, हे चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रारंभीच सांगितले आहे. काचपात्रातील रोप योग्य भूमीत योग्य काळ वाढले पाहिजे. शिवाय सारीच रोपे एकसारखी असली तर एकच रोग सारी बाग नेऊ शकतो. तंत्र कितीही चांगले असले तरी त्याचे पथ्य पाळावे लागते, हे विदर्भातील कापूसउत्पादकाने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. प्रारंभी बोंडअळी आटोक्यात आली. परंतु शेताच्या कडेने साधा कापूस लावण्याचा नियम बहुतेकांनी पाळला नाही आणि पुढे गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम होऊन परत आली. २०१७ च्या हंगामातील तिचा प्रादुर्भाव अनेकांच्या स्मरणात असेल. पथ्यावाचून औषध नाही, हे वैद्यांना वेगळे सांगावयास नको.

नामसादृश्याचा धोका

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नाव एक आणि वनस्पती दोन, हा केवळ अशोकाचा प्रश्न नाही. रास्ना म्हणून उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी आणि बंगालात तिसरीच वनस्पती वापरली जाते. नागकेशर म्हणून आपल्याकडे सुरंगीच्या कळ्या विकल्या जातात. वावडिंगाच्या पोत्यात दोन-तीन निरनिराळ्या झाडांची फळे सापडू शकतात. शंखपुष्पीविषयी तर विद्वानांतच एकमत नाही. 'आमच्याकडे परंपरेने हेच वापरतात' असे उत्तर आपण देतो, आणि पुष्कळदा ते प्रामाणिक असते. परंतु नामसादृश्य किती घातक ठरू शकते याचे एक उदाहरण बेल्जियममध्ये घडले. १९९० नंतर ब्रुसेल्स येथील एका केंद्रात वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधींच्या गोळ्या दिल्या जात. त्यांत 'हान फांग-ची' नावाचे द्रव्य अभिप्रेत होते. प्रत्यक्षात 'ग्वांग फांग-ची' हे ईश्वरीच्या कुळातील द्रव्य गेले. १९९३ मध्ये पहिल्या रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि अखेर शंभराहून अधिक व्यक्तींची, बहुतांशी स्त्रियांची, वृक्के बाधित झाल्याचे आढळले. अनेकींना वृक्करोपण करावे लागले. नावातील एका शब्दाचा हा फरक होता.

अधिक जवळचे उदाहरण गुळवेलीचे. महासाथीच्या काळात लोकांनी गुळवेल मनाने, मात्रेचा विचार न करता घेतली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याचे विश्लेषण झालेले नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला सारख्या वेलीशी गल्लत झालेली असू शकते. पुढे २०२२ मध्ये अनेक रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासातही असे रुग्ण नोंदले गेले. आपल्या व्यासपीठांवर यावर पुष्कळ संताप व्यक्त झाला. मंत्रालयाचा आक्षेप रास्त होता, हे आम्ही मानतो. पण तो आक्षेप उलटून आपल्यावरही येतो. रुग्णाने खाल्लेली ती गुळवेल खरी होती की नव्हती, हे सांगता येईल असा नमुना आपल्यापैकी कोणाच्या कपाटात होता काय? नसेल, तर 'ती खरी गुळवेल नसणारच' हे आपले म्हणणे श्रद्धा ठरते, पुरावा ठरत नाही. आणि द्रव्य खरेच असूनही काही प्रकृतींत अपाय होत असेल, तर तेही आपणच सर्वांत आधी जाणून घ्यावयास हवे.

ओळख पटविण्याचे शास्त्र

येथे पीसीआर आपल्या कामास येते. प्रत्येक वनस्पतीच्या डीएनएमध्ये काही ठरावीक लहान भाग असे असतात, की त्यांवरून एक जाती दुसरीपासून वेगळी ओळखता येते. दुकानातील वस्तूवर छापलेल्या उभ्या रेघांवरून यंत्र जशी वस्तू ओळखते, तशीच ही कल्पना असल्याने तिला डीएनए बारकोडिंग म्हणतात. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी ती २००३ मध्ये पुढे आणली. पान नाही, फूल नाही, केवळ चूर्ण आहे, अशा वेळीही ओळख पटण्याची शक्यता असते. ब्रिटिश औषधसंहितेने २०१७ च्या आवृत्तीत वनौषधींसाठी डीएनएवर आधारित ओळखपद्धती समाविष्ट केली आणि तिचा पहिला प्रयोग कोणत्या वनस्पतीवर केला, तर आपल्या तुळशीवर. अंगणातील तुळशीची ओळखपत्रिका आधी परक्या देशाच्या औषधसंहितेत लिहिली जावी, याचे वैषम्य वाटते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगावयास हव्यात. दीर्घकाळ उकळलेल्या क्वाथात, अरिष्टात किंवा अर्कात डीएनए तुटून गेलेला असतो. भस्मात तो उरतच नाही. म्हणून परीक्षा कच्च्या मालाचीच, कढईत पडण्यापूर्वी झाली पाहिजे. दुसरे असे, की डीएनए वनस्पतीची जाती सांगतो, अंग सांगत नाही. दशमुळातील बेल खरा आहे हे तो सांगेल, पण ते मूळ आहे की खोडाची साल, हे त्याला कळणार नाही. द्रव्य कोणत्या ऋतूत काढले, कीड लागून निर्वीर्य झाले आहे काय, हेही तो सांगणार नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा, रासायनिक छाप उमटविणारी पातळ थराची परीक्षा हवी, आणि जीभ, नाक व बोटे शाबूत असलेला वैद्यही हवा. नवे यंत्र आले म्हणजे वैद्याची गरज संपली, ही भीती म्हणूनच निराधार आहे.

ज्ञानाचे रक्षण

ओळखीचा आणखी एक अर्थ आहे. जे आपले आहे, ते आपले म्हणून सिद्ध करता येणे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावरील युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले व २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. दोन्ही ठिकाणी भावनेने काम झाले नाही. लेखी पुरावे आणि साक्षी सादर कराव्या लागल्या. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारले गेले ते याच अनुभवातून.

दुसरी बाजूही विसरू नये. केरळच्या काणी आदिवासींनी दाखविलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून तेथील वनस्पती उद्यान संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केले, १९९५ मध्ये ते एका आयुर्वेदीय औषधशाळेस दिले आणि मिळालेल्या रकमेचा निम्मा वाटा काणी समाजासाठी ठेवला. ज्याने वनस्पती दाखविली त्याचे ऋण मान्य करण्याचा हा धडा आहे. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत वैद्य, ग्रंथोक्त ज्ञान आणि लागवडीखालील औषधी वनस्पती यांना पुष्कळ सवलती दिल्या. लागवडीच्या मालासाठी मूळस्थानाचा दाखला मात्र अपेक्षित आहे. सवलत मिळाली म्हणून आपण हर्ष मानला, आता दाखला मागण्याची सवयही लावून घेतली पाहिजे.

आमच्या सूचना

अशा लेखांचा शेवट 'शासनाने लक्ष घालावे' या वाक्याने करण्याची प्रथा आहे. आम्ही ती मोडू इच्छितो. पुढील गोष्टी आपल्याच हातच्या आहेत. पहिली : प्रत्येक औषधशाळेने कच्च्या मालाच्या प्रत्येक पोत्यातून मूठभर नमुना काढून, तारीख, व्यापारी आणि मूळस्थान लिहून, औषधाची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा. यास बरणी आणि चिठ्ठी यांखेरीज खर्च नाही. दुसरी : एका जिल्ह्यातील लहान औषधशाळांनी एकत्र येऊन, ज्यांत भेसळ अधिक होते अशा दहा-बारा द्रव्यांची परीक्षा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून वर्षातून एकदा तरी करवून घ्यावी. एकट्याला न परवडणारा खर्च दहा जणांना परवडतो. तिसरी : स्थानिक महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान विभागांशी संबंध जोडावेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात, आपल्याला उत्तरे हवी आहेत. चौथी, आणि सर्वांत अवघड : परीक्षेत उणे आलेल्या द्रव्याची माहिती आपण एकमेकांपासून लपवू नये. या त्रैमासिकात अशा निष्कर्षांसाठी दोन पाने राखून ठेवावीत. व्यापाऱ्याचे नाव छापण्याची आवश्यकता नाही. कोणत्या द्रव्यात काय सापडले, एवढे पुरे.

यावर कोणी म्हणेल, की असे छापल्याने आयुर्वेदाची अपकीर्ती होईल. आम्हांस तसे वाटत नाही. अविज्ञात औषधाला चरकाचार्यांनी विष, शस्त्र, अग्नी आणि विद्युत् यांच्या पंक्तीत बसविले आहे. तेव्हा औषध विज्ञात करून घेणे हीच आयुर्वेदाची सेवा होय. अपकीर्ती होते ती आपण न शोधलेले दुसऱ्याने शोधून काढल्यावर.

आमच्या औषधशाळेत त्या सालीचा एक तुकडा आजही बरणीत ठेवलेला आहे. नवीन माल आला की तो शेजारी ठेवून पाहतो, शंका आली तर परीक्षेस पाठवितो, आणि उत्तर येईपर्यंत अरिष्ट घालीत नाही. त्यामुळे गेल्या हंगामात आमचे अशोकारिष्ट दोन महिने उपलब्ध नव्हते. काही रुग्ण अन्यत्र गेले. जे थांबले, त्यांना काय दिले ते आम्ही निःशंकपणे सांगू शकतो.